पहिले अठरा दिवस

व्यसन सोडल्याच्या हकिगती सांगणारी माणसे मला कधीच फारशी आवडली नाहीत. त्यांच्या बोलण्याला विजयाचा फार दर्प येतो. "एक दिवस मनात आले, खिशातले बंडल काढले, नाल्यात भिरकावले, आणि आज बारा वर्षे झाली, पुन्हा शिवलो नाही!" असे म्हणून ते आपल्याकडे अशा नजरेने पाहतात, की आपल्या बोटांतली बिडी आपल्यालाच लाजिरवाणी वाटू लागावी. बंडल नाल्यात फेकायला एक क्षण पुरतो. बारा वर्षांचा आकडा तर आपोआपच वाढत जातो. तो वाढवण्याचे काम कॅलेंडर करते. पण बंडल फेकल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्या गृहस्थाने नेमके काय केले, हे तो कधीच सांगत नाही. मला तर तेवढेच जाणून घ्यायचे असे.

गेल्या वर्षीच्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून मी बिडी ओढलेली नाही. म्हणजे नुकतेच कुठे वर्ष झाले आहे, आणि विजयाचा दर्प यायला बराच अवकाश आहे. पहिले अठरा दिवस मात्र मला अजून तासातासाने आठवतात. ते विसरून जाण्याआधी लिहून ठेवावेत, म्हणून हा प्रपंच. महाभारताचे युद्धही अठराच दिवस चालले होते. माझ्या युद्धात फक्त दोन्ही बाजूंना मीच उभा होतो.

दुसऱ्या कुठल्या गावी बिडी सोडणे निराळे आणि आमच्या गोंदियाकडे सोडणे निराळे. १९९९ सालच्या १ मे रोजी भंडाऱ्यापासून वेगळा निघालेला हा आमचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि रानाचा. त्या रानात तेंदूचे झाड उदंड. त्याच्या फळाला आम्ही टेंभर म्हणतो आणि लहानपणी ती खाऊन जीभ चिकट करून घेतो. पण झाडाची खरी किंमत त्याच्या पानात. हे पान वाळले तरी चटकन तडकत नाही, ओलावले की हवे तसे वळते, आणि महिनोन् महिने टिकते. १८९९ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास गुजरातेतून मध्य प्रांतात आलेल्या मंडळींनी या पानात तंबाखू गुंडाळण्याचा मोठा व्यापार उभा केला, असे सांगतात. आमच्या भागाला तर रेल्वेची साथ होती. गुजरातची आणि निपाणीची तंबाखू यायची, पान रानातले, आणि वळणारे हात घरोघरचे. मे महिना लागला की आजही सूर्य उगवण्याआधी घरेच्या घरे रानात जातात, दुपारी ओसरीवर बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून देतात. खरिपाचे बियाणे, मुलांची पुस्तके आणि एखाद्या मुलीचे लग्न त्या पानांवर अवलंबून असते.

माझी आई बिड्या वळायची. तिचे ते बसणे माझ्या डोळ्यांसमोर आहे. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, जवळ कात्री, पत्र्याचा साचा आणि दोऱ्याचे रीळ. पान साच्याएवढे कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांच्या एका हेलकाव्यात वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल मोजून द्यायचा, आणि तो जी छाट म्हणून बाजूला काढील तिचे दुःख घरी घेऊन यायचे. १९७६ साली बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. ती मलाही मिळाली. मॅट्रिकपर्यंतचे माझे शिक्षण, पुढची मास्तरकी, आणि लोकांनी गोड मानून घेतलेल्या माझ्या तीन कादंबऱ्या, या साऱ्याच्या मुळाशी आईच्या सुपातली ती चिमूटभर तंबाखू होती. तेव्हा मी बिडी सोडायला निघालो, तो केवळ एक सवय सोडायला नव्हे. घरच्या अन्नदात्याशी फारकत घ्यायला निघालो, असे मला मनातून वाटत होते.

मग सोडायची कशासाठी? पुलाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, हे काही नवे नव्हते. चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागते, अशी मी समजूत घातली होती. पण गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास मी वर्गात धडा वाचून दाखवत होतो. वाक्य लांब होते. पूर्णविरामाच्या चार शब्द अलीकडे माझा श्वास संपला. मी थांबलो. गुरुजी ओळ चुकले असे वाटून पहिल्या बाकावरच्या मुलीने उरलेले चार शब्द मोठ्याने वाचून टाकले. वर्ग हसला, मीही हसलो. पण मास्तराची सारी इस्टेट म्हणजे त्याचा आवाज. ती इस्टेट गहाण पडत चालली आहे, हे मला त्या चार शब्दांनी सांगितले. डॉक्टरांनी एका नळीत जोराने फुंकायला लावले, आकडा पाहिला, आणि म्हणाले, "मास्तर, निवृत्त होईपर्यंत वाचून दाखवायचे आहे ना? मग आता ठरवा."

पहिला दिवस आश्चर्य वाटावे इतका सोपा गेला. उत्साहाच्या भरात माणूस एक दिवस उपाशीसुद्धा राहतो. रात्री मात्र झोप येईना. निकोटिनचे रक्तातले प्रमाण दर दोन तासांनी साधारण अर्ध्यावर येते, म्हणजे रात्रभरात ते बरेचसे उतरते. पहाटेची पहिली बिडी सर्वांत गोड का लागते, याचे कारण हेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओसरीवर बसलो होतो, पुढ्यात चहा होता, आणि त्या चहाला चवच नव्हती. हात आपणहून सदऱ्याच्या खिशाकडे जाई, रिकामा परत येई, आणि पुन्हा जाई. वीस-बावीस वर्षे शिकवलेला बैल नांगर नसतानाही तासाने चालतो, तशी त्या हाताची गत झाली होती.

आता दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे चार. शाळेत पहिल्या सत्राची परीक्षा चालू होती आणि मी पर्यवेक्षणावर होतो. तीन तास खोली सोडता येत नाही. बरोबर चार वाजता अशी तलफ आली, की कानशिले तापली, समोरची मुले धूसर झाली, आणि विनाकारण एका गरीब पोरावर मी ओरडलो. परीक्षेत दर अर्ध्या तासाने फळ्यावर वेळ लिहावी लागते. मी खडू घेतला आणि लिहिले : ४-००. मग दुसरे काहीच सुचेना, म्हणून त्या आकड्यांकडे पाहत उभा राहिलो. इतक्यात मागच्या बाकावरून कुणी पुरवणी मागितली. ती दिली, दोरा दिला, सही केली, आणि परत येऊन घड्याळ पाहिले तर चार वाजून सहा मिनिटे झाली होती. तलफ कुठे होती? ती निघून गेली होती. ती केव्हा गेली हे मला कळलेसुद्धा नव्हते.

मला जो शोध लागला तो एवढाच. वैद्यकशास्त्रात तो आधीपासून लिहिलेला आहे : तलफ काही मिनिटांपुरती येते, आणि आपण तिला भीक घातली नाही तरी जाते. पण मी ती चढत जाणारी लाट समजत होतो. मला वाटे, बिडी ओढली नाही तर ही वाढत वाढत जाऊन मला बुडवील. बिडी ओढल्याने ती थांबते असा जो अनुभव वीस वर्षे घेतला, त्यात ती आपोआप थांबली असती की नाही, हे पाहण्याची सवड मी तिला एकदाही दिली नव्हती.

त्या संध्याकाळी मला बिडीचाच एक गुण आठवला. सिगरेट पेटवून रक्षापात्रावर ठेवली तर ती शेवटपर्यंत एकटीच जळत राहते. तिचा कागद हवा खेळती ठेवतो. तेंदूचे पान हवा आत येऊ देत नाही. बिडी क्षणभर विसरा, ती विझते. म्हणूनच बिडी ओढणारा जोरजोराने, पुन्हा पुन्हा झुरके घेतो. आणि जेमतेम पाव ग्रॅम तंबाखूची ही काडी 'गावठी आणि म्हणून सौम्य' असल्याची आमची समजूत म्हणूनच खोटी ठरते. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड देण्यात ती सिगरेटला हार जात नाही. पण माझ्या कामाचा भाग निराळा होता. बिडीला जळत ठेवायला ओढणारा लागतो. तलफही त्याच जातीची निघाली.

म्हणून मी उपाय फार साधा केला. तलफ आली की घड्याळ पाहायचे, उठायचे, हातपंपापर्यंत चालत जायचे, तांब्याभर पाणी घेऊन सावकाश प्यायचे आणि परत यायचे. जन्मभर बिडी ओढायची नाही, असा विचार मनात आला की मी त्याला दाराबाहेर उभे करी. जन्म फार लांब असतो. हातपंप जवळ आहे. पहिल्या दिवसांत मी किती वेळा उठत होतो ते मोजले नाही, पण माझ्या खेपा पाहून शेजारच्या काकूंनी आमच्या घरात कुणाला पटकीबिटकी तर झाली नाही ना, अशी चौकशी केली.

तिसरा दिवस सर्वांत वाईट. असे बहुतेकांचे होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीराची ओरड टिपेला जाते आणि तिथून उताराला लागते. डोके जड, पोट रुसलेले, हाताला बारीक कंप. मीठ कमी आहे म्हणून मी ताट सारले. सौभाग्यवतींनी शांतपणे भाजी चाखली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे. तुम्ही जरा पंपावर जाऊन या." मी गेलो. परत आलो तो ताटात भाजी थोडी वाढलेलीच होती. घरातल्या माणसाने आपल्यासाठी काय काय केले याचा हिशेब अशा दिवसांत मांडायचा असतो. माझ्या खिशात बंडलाच्या जागी बडीशेप, लवंगा आणि ओव्याची पुरचुंडी रोज सकाळी कोण ठेवत होते, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

गावाची मदत मात्र अगदी उघडपणे आली. मास्तरांनी बिडी सोडली ही बातमी पानठेल्यावर पोचायला एक दिवस लागला, आणि हरएक हितचिंतकाने एकच औषध सुचवले : खर्रा! "बिडी सोडली ते चांगलंच झालं जी, मास्तर. आता एखादा खर्रा घेत जा. धूर नाही, धाप नाही." सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घासून केलेला हा पदार्थ आमच्या विदर्भात पाहुणचाराच्या थाटात पुढे केला जातो. सापाच्या भीतीने घर सोडणाऱ्याला वाघाच्या गुहेची वाट दाखवावी, तसला हा सल्ला. फरक एवढाच की गुहा कॅन्सरची. पण सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांत खरोखरीची कळकळ होती. मी बडीशेप पुढे करी. ते ती घेत आणि माझ्याकडे दयेने पाहत.

खोकला कमी होईल म्हणून बिडी सोडली, तर आठवडाभरात तो वाढला. मी घाबरलो. डॉक्टर हसले. म्हणाले, "धुराने श्वासनळीतली झाडूवाली माणसे झोपली होती. ती जागी झाली आहेत, आणि साचलेला केर बाहेर काढताहेत. काढू द्या." त्यानंतर मी प्रत्येक खोकल्याकडे आदराने पाहू लागलो.

शरीराचे असे हळूहळू मार्गी लागत असताना एक भीती मात्र मी कुणापाशी बोललो नव्हतो. माझी चौथी कादंबरी अर्धी होऊन पडली होती. रात्री जेवण झाल्यावर मी ओसरीवर बसे, बिडी पेटवी, आणि धुराकडे पाहता पाहता पुढचे वाक्य येई. ते वाक्य मला येते की धुराला, याचा निकाल कधी लागलेला नव्हता. पहिले नऊ दिवस मी कागदासमोर बसलो आणि नऊ दिवसांत एक ओळ उतरली नाही. आवाज वाचवायला गेलो आणि लेखणी घालवून बसलो की काय, हा विचार तिसऱ्या दिवसाच्या डोकेदुखीपेक्षा वाईट होता. कारण त्यावर हातपंपाचा उपाय चालेना.

दहाव्या रात्री मी लिहिण्याचा नाद सोडला आणि नुसताच ओसरीवर बसलो. कागद नाही, बिडी नाही. अमावास्येकडे झुकलेली रात्र होती. लांबून मालगाडीचा आवाज आला. बांधापलीकडे हलका धान कापणीला आला होता, त्याचा वास वाऱ्याबरोबर अंगणात शिरला. हा वास मला किती वर्षांनी आला! मी तसाच बसून राहिलो, आणि बसल्या बसल्या कादंबरीतली ती म्हातारी, जी कित्येक दिवस दाराशी अडून उभी होती, उंबरा ओलांडून आत आली आणि बोलू लागली. मी कंदिलाएवढ्या त्या दिव्याखाली पाठकोऱ्या कागदावर तिचे बोलणे उतरवून घेतले. चार ओळी झाल्या. चारच, पण त्या धुरावाचून आल्या होत्या.

तेव्हा मला उमगले की बिडी मला वाक्ये देत नव्हती. ती मला थांबायला लावत होती. सकाळच्या चहानंतर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, जेवणानंतर, रात्री लिहिताना, दिवसाच्या धबडग्यात मी जे चार-पाच वेळा नुसता बसत होतो ते बिडीच्या निमित्ताने. कष्टकऱ्यांच्या घरात नुसते बसणे हा गुन्हा समजतात. हातात बिडी असली की तो माफ होतो. शेतात रोवणी करणारा मजूर बांधावर टेकतो तेव्हा तो 'बिडी मारतो' असे आपण म्हणतो. खरे तर तो कंबर सरळ करत असतो. मी बिडीबरोबर हे थांबणेही सोडून दिले होते, आणि म्हणून नऊ दिवस चिडून, धावून, पाणी पिऊन काढले होते. त्या रात्रीपासून मी बिडीच्या सगळ्या वेळा परत घेतल्या. चहानंतर दहा मिनिटे ओसरीवर बसायचे. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली उभे राहायचे. काहीही न करता, आणि त्याबद्दल कुणाला कारण न देता.

राहता राहिली आई. आता तिला बिड्या वळवत नाहीत. तो धंदाही आमच्याकडे पूर्वीसारखा उरलेला नाही. पण बसल्या जागी तिची बोटे अजून लुगड्याचा काठ वळत असतात. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेल्याने बिडी न ओढताच तिला खोकला जडला आहे. मी सोडल्याचे तिला पंधरवड्याने, दिवाळीची साफसफाई करताना सांगितले. ती काही वेळ गप्प होती. मला वाटले, दुखावली. मी म्हटले, "माय, बिडीनंच आपलं घर चाललं, हे मी विसरलो नाही."

ती म्हणाली, "घर चाललं ना बाबू. पन घर चालावं म्हनून वरत होती मी. घरानंच ओढावं म्हनून थोडी वरत होती?" आणि ती पुन्हा पणत्या पुसू लागली. माझ्या मनावरचा एवढा थोरला धोंडा तिने पणतीवरच्या धुळीसारखा फडक्याने टिपून टाकला.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, आणि रात्री नाटक, पहाट होईपर्यंत. ती अठरावी रात्र होती. थंडी पडू लागलेली, मित्रमंडळी जमलेली, चहाची किटली फिरत होती, आणि डावी-उजवीकडे लाल ठिपके लुकलुकत होते. माझ्या शेजारी माझा जुना सोबती बसला होता. त्याने सवयीने बंडल पुढे केले, मी सवयीने बडीशेप पुढे केली, आणि दोघेही हसलो. त्याने आपली बिडी पेटवली. एवढ्यात रंगमंचावर नायकाची आई मुलाला ओळखेनाशी होण्याचा प्रसंग आला. सारा मांडव स्तब्ध झाला. थोड्या वेळाने मी पाहिले तो सोबत्याच्या बोटांत बिडी तशीच होती, विझलेली. त्याचे लक्षच नव्हते. माझ्याही लक्षात आले, की गेला अर्धा तास मला बिडीची आठवण झाली नव्हती. पुढचे नाटक मी मन लावून पाहिले.

यानंतर तलफ कधीच आली नाही असे नाही. ती अजूनही येते, विशेषतः पहिला पाऊस पडला की. स्वप्नात तर मी बऱ्याचदा बिडी ओढतो आणि जागा होऊन खिसा चाचपतो. पण ती आता पूर्वीची मालकीण राहिलेली नाही. ओळखीची बाई रस्त्यात भेटावी, चार शब्द बोलून पुढे जावी, तशी ती जाते. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मी नव्या वर्गाला तेच लांब वाक्य वाचून दाखवले, आणि पूर्णविरामापर्यंत पोचलो. पहिल्या बाकावर यंदा दुसरीच मुलगी आहे. तिला यात काही विशेष वाटले नाही.

दिवाळीचे दिवस आहेत. घरोघर माणसे जमतील, फराळ होईल, आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात कुणी काका किंवा कुणी मोठा भाऊ 'उद्यापासून सोडतो' असे म्हणत काडी ओढील. त्याला उपदेश करू नका. तो त्याला पाठ आहे. तंबाखूच्या वेष्टनावर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन नंबर छापलेला असतो, तिथे मोफत सल्ला मिळतो, एवढे सांगा. त्याने खरोखर सोडलीच, तर पहिले तीन दिवस तो भाजीत मीठ नाही म्हणेल, मुलांवर ओरडेल, विनाकारण अंगणात फिरेल. ते मनावर घेऊ नका. त्याच्या खिशात थोडी बडीशेप ठेवा. आणि तो काही न करता नुसता ओसरीवर बसला असेल, तर त्याला कसलेही काम सांगू नका.

आमच्याकडे यंदा कानोले झाले आहेत आणि नव्या चिन्नोरचा भात व्हायचा आहे. त्याचा वास स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत येतो, असे घरची मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली. मी त्याची वाट पाहत आहे.